प्रकाशानेच प्रकाश छाटायचा : फेम्टोसेकंद पल्स आणि थरांचे आरसे

गोदाकाठ (मंगळवार, रात्री ९:४०)

मागच्या आठवड्यात मोतीबिंदूच्या 'ब्लेडलेस' शस्त्रक्रियेच्या धाग्यावर एकाने विचारलं होतं, "फेम्टोसेकंद लेसर म्हणजे साधाच लेसर, फक्त फार भराभर चालू-बंद करायचा, असंच ना?" तिथं मी दोन ओळींत 'नाही' म्हणून मोकळी झाले आणि तेव्हापासून चुटपुट लागून राहिली. सगळी मौज त्या 'नाही'तच आहे. म्हणून हा वेगळा धागा. लांबला तर सांभाळून घ्या.

माझं सांगायचं तर एमएस्सी नांदेडला, मग सहा वर्षं राज्याबाहेरच्या एका लेसर प्रयोगशाळेत, आता अंबाजोगाईला शिकवते. आरशांशी रोजचा संबंध होता तो त्या सहा वर्षांत.

फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचे, एकावर पंधरा शून्यं एवढे, भाग केले तर त्यातला एक. सेकंदात ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश एका फेम्टोसेकंदात जेमतेम ०.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकतो. म्हणजे १० फेम्टोसेकंदांची पल्स, प्रकाशाचा एक छोटासा झटका, हवेत ३ मायक्रॉन लांबीची. डोक्याचा केस ६०-७० मायक्रॉन जाड असतो, त्याच्या आडव्या जाडीत अशा वीसेक पल्स एकामागे एक बसतील.

आता ही पल्स 'चालू-बंद' करून कशी काढणार? कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या काही हजाराव्या भागापर्यंत जातं. चांगलं वेगवान इलेक्ट्रॉनिक्स काही पिकोसेकंदांपर्यंत उतरतं आणि तिथं थकतं. एक पिकोसेकंद म्हणजे १००० फेम्टोसेकंद! एवढ्या झपाट्याने दार उघडून लावू शकेल असं आपल्याकडे एकच आहे, प्रकाश स्वतः. मला सांगायचंय ते एवढंच. पल्स लहान करायची तर ती तिच्याच तीव्रतेकडून छाटून घ्यावी लागते. आणि ते ज्याच्यावर घडतं ती वस्तू बऱ्याचदा एक आरसा असतो.

पण आपल्या घरातला आरसा नव्हे. घरच्या आरशात काचेमागे धातूचा लेप असतो. प्रयोगशाळेतल्या या आरशात धातूचा कणही नसतो. काचेच्या चकतीवर सिलिका आणि टँटला (टँटलम या धातूचं ऑक्साइड) यांचे थर आलटून पालटून चढवलेले असतात. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीसाठी सिलिकाचा थर साधारण १३८ नॅनोमीटर, टँटलाचा ९५ च्या आसपास. दोन थरांच्या एका सीमेवरून जेमतेम तीन-साडेतीन टक्के प्रकाश परत फिरतो. पण जाडी अशी निवडलेली असते की प्रत्येक सीमेवरून परतणारी लाट आधीच्या लाटेशी पावलाला पाऊल लावून येते. अशा पंधरा-वीस जोड्या झाल्या की ९९.९ टक्क्यांहून जास्त प्रकाश परत! एकही थर स्वतः आरसा नाही, दोन्ही पदार्थ आरपार दिसणारे.

पुढचं उद्या लिहिते, लाइट गेली आहे आणि मोबाईलवर टंकतेय.

कडब्याची_गंजी (मंगळवार, रात्री १०:१५)

ताई, वाचायलोय. पुढचं लवकर टाका. एक शंका आताच विचारतो नाहीतर विसरेन. माझ्याकडं उन्हात काळा होणारा चष्मा आहे. प्रकाश पडला की काच बदलते. तुम्ही म्हणता ते आरसे असेच का?

नंबरी_काच (मंगळवार, रात्री १०:५२)

कडबा भाऊ, तो चष्मा माझ्या धंद्यातला विषय, जालन्यात वीस वर्षं दुकान आहे. ती काच काळी पडायला अर्धा मिनिट घेते आणि सावलीत आल्यावर उतरायला चांगली काही मिनिटं. फेम्टो-बिम्टोशी तिचा काय संबंध असेल असं वाटत नाही.

पण मॅडमनी थरांचं जे लिहिलं ते आम्ही रोज विकतो. एआर कोटिंगचा (काचेवरची चकाकी मारणारा लेप) चष्मा तिरका धरला की हिरवी झाक दिसते ना, ते पण थरच. गिऱ्हाईक म्हणतं, "काचेला हिरवा रंग कशाला दिला?" रंग दिलेलाच नसतो. आणि अजून एक गोष्ट मी वर्षानुवर्षं बघत आलोय पण कारण कधी कळलं नाही. चष्मा फिरवला की झाक रंग बदलते. का?

गोदाकाठ (बुधवार, सायंकाळी ७:०५)

नंबरी_काच, तुम्ही अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. तेच थर, फक्त उलट्या कामाला लावलेले. आरशात परतणाऱ्या लाटा एकमेकींना बळ देतील अशी जाडी ठेवतात, तुमच्या एआर कोटिंगमध्ये त्या एकमेकींना मारतील अशी. हिरव्याच्या आसपास त्या पुरत्या मरत नाहीत, तेवढी झाक उरते. काच तिरकी केली की थरांच्या वरच्या-खालच्या सीमांवरून परतणाऱ्या लाटांमधलं अंतर बदलतं आणि सगळा हिशेब कमी तरंगलांबीकडे, म्हणजे निळ्याच्या बाजूला सरकतो. प्रयोगशाळेत आम्हीही आरसा किंचित तिरका करून त्याचा पट्टा, म्हणजे तो परत फिरवतो त्या तरंगलांब्या, हवा तिथे आणायचो.

हा 'पट्टा सरकणं' नीट लक्षात ठेवा. पुढे सगळं त्यावरच उभं आहे.

आता पल्सकडे. १० फेम्टोसेकंदांची पल्स एका रंगाची असूच शकत नाही. ८०० नॅनोमीटरच्या आसपास तिला जवळजवळ ९४ नॅनोमीटर रुंदीचे रंग लागतात. १०० फेम्टोसेकंदांची असेल तर साडेनऊ पुरतात. पल्स जितकी आखूड, तितके रंग जास्त. हा निसर्गाचा नियम आहे, यंत्र कितीही भारी आणलं तरी त्यात सूट नाही.

आणि एवढे रंग सोबत असले की काच त्यांना एकत्र राहू देत नाही. काचेत लाल पुढे धावतो, निळा मागे रेंगाळतो. माझ्या पहिल्याच वर्षी मी दोन दिवस डोकं धरून बसले होते. सकाळपर्यंत नीट असलेली १० फेम्टोसेकंदांची पल्स मोजली की पन्नासच्या आसपास भरायची. सगळे आरसे पुन्हा जुळवले, लेसर बंद करून चालू केला, गाईडना फोन केला. शेवटी सापडलं ते एवढंच की कुणीतरी वाटेत ५ मिलिमीटर जाडीची एक साधी काचेची खिडकी बसवून ठेवली होती. तेवढ्या काचेने पल्स पाचपट ताणली होती. हीच काच १०० फेम्टोसेकंदांच्या पल्सला जवळपास काहीच करत नाही. आखूड पल्स इतकी नाजूक असते.

ताणलेली पल्स गोळा कशी करायची? लग्नाचं वऱ्हाड डोळ्यासमोर आणा. मोटारसायकलवाली पोरं पुढे निघून जातात, ट्रॅक्टर मागे राहतो, आणि नवरदेवाला गावात सगळ्यांनी एकदम शिरायला हवं असतं. मग पोरांना म्हणायचं, तुम्ही पलीकडच्या मारुतीपर्यंत जाऊन या. ट्रॅक्टर सरळ येतो. वेशीवर सगळे एकत्र.

आरशात हेच केलं जातं. वरचे थर पातळ, खालचे हळूहळू जाड. निळा प्रकाश वरूनच परततो, लाल आत खोलवर जाऊन परततो. जो पुढे धावला होता त्याला लांबची चक्कर. याला चर्प्ड मिरर म्हणतात. रॉबर्ट सिपोच आणि फेरेंट्स क्राउस यांनी सहकाऱ्यांसह १९९४ मध्ये तो मांडला. याच क्राउसना २०२३ चं भौतिकीचं नोबेल आन लुईलिए आणि पिएर अगोस्तिनी यांच्यासोबत मिळालं, ॲटोसेकंद (फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग) पल्ससाठी. त्या कामाच्या मागे हे आरसे आहेत.

पण हा आरसा प्रकाशाला बघून बदलत नाही. मंद प्रकाश आला काय, प्रखर आला काय, त्याचं वागणं तेच. तो विखुरलेलं गोळा करतो, नवा रंग तयार करत नाही. आहे त्या रंगांत जेवढी आखूड होईल तेवढी, त्यापुढे नाही. त्यापुढे जायचं तर आरसाच जागा व्हायला हवा.

कडब्याची_गंजी (बुधवार, सायंकाळी ७:४०)

वऱ्हाडाचं लई आवडलं. आमच्याकडं मारुतीपाशी गेलेली पोरं परत येतच नाहीत तो भाग वेगळा :) पण 'आरसा जागा होतो' म्हंजे काय? तोच माझा चष्म्याचा प्रश्न, पुन्हा विचारतो.

गोदाकाठ (बुधवार, रात्री ९:३०)

आणि तोच खरा प्रश्न आहे, म्हणून सावकाश लिहिते.

तुमच्या चष्म्यात रासायनिक बदल होतो, म्हणून अर्धा मिनिट लागतं. आम्हाला जो बदल हवा असतो त्यात अणू जागचे हलतही नाहीत. प्रकाश म्हणजे शेवटी विद्युतक्षेत्र. ते फार प्रखर असलं की पदार्थातले इलेक्ट्रॉन नेहमीपेक्षा जरा जास्त ताणले जातात आणि पदार्थाचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती मंदावतो त्याचं माप) वाढतो. पल्स निघून गेली की लगेच पूर्ववत. विद्युतक्षेत्राने काचेचे प्रकाशीय गुण बदलतात हे जॉन केर यांनी १८७५ मध्येच दाखवलं होतं, म्हणून नाव केर परिणाम. इथे फरक इतकाच की ते क्षेत्र बाहेरून तारा जोडून द्यायचं नाही, येणारा प्रकाशच ते घेऊन येतो.

परिणाम किती लहान? एका चौरस सेंटीमीटरवर एक लाख कोटी वॉट इतकी तीव्रता असली तरी सिलिका काचेचा अपवर्तनांक दहा हजारांत सुमारे अडीच भागांनी वाढतो. टँटला किंवा टायटेनियासारख्या (टायटेनियमचं ऑक्साइड) जास्त अपवर्तनांकाच्या थरांत तो कितीतरी जास्त वाढतो. शिवाय थरांची रचना अशी करता येते की ठरावीक थरातच प्रकाशाचं क्षेत्र बाहेरच्यापेक्षा काही पट साचेल. समजा सगळं जमून अपवर्तनांक हजारात एकाने वाढला. मग थराची प्रकाशासाठीची जाडी हजारात एकाने वाढली आणि आरशाचा पट्टा ८०० वरून ०.८ नॅनोमीटर लालकडे सरकला.

आता पल्सची तरंगलांबी त्या पट्ट्याच्या लाल कडेच्या जरासं बाहेर ठेवायची. पल्सचा पुढचा मंद भाग आला, आरशाला तो दिसलाच नाही, आरपार गेला. मधला प्रखर माथा आला, त्याने थर बदलले, पट्टा त्याच्या अंगावर सरकला आणि तो परावर्तित झाला. मागचा मंद भाग येईस्तोवर आरसा पुन्हा पहिल्यासारखा, तोही आरपार. परत आला तो फक्त माथा, म्हणजे आलेल्यापेक्षा आखूड पल्स. दार कुणी उघडलं? पल्सनेच, स्वतःसाठी, आणि मागून स्वतःच लावून घेतलं.

पहिल्यांदा हे उमगलं तेव्हा मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन एकटीच हसत उभी होते.

याचा एक मोठा भाऊ आधीपासून बाजारात आहे. उर्सुला केलर यांनी १९९२ च्या सुमारास अर्धवाहक थरांचा असा आरसा केला की त्यातला एक पातळ थर मंद प्रकाश गिळतो आणि प्रखर प्रकाश आला की पोट भरून गिळणं थांबवतो. नाव सेसॅम. तो लेसरच्या पोकळीतच बसवतात. नेहमीच्या लेसरमध्ये पल्स सेकंदाला ८ कोटी फेऱ्या मारते, प्रत्येक फेरीत आरसा तिचा पुढचा मंद भाग किंचित खातो. एका फेरीत काहीच कळत नाही, कोटींच्या हिशेबात पल्स घडते.

बालाघाट (गुरुवार, सकाळी ८:२०)

छान चाललंय, पण दोन ठिकाणी अडलो. मीही थोडंफार प्रकाशशास्त्र केलंय म्हणून रोखठोक विचारतो.

एक : तुम्हीच म्हणालात की आखूड पल्सला जास्त रंग लागतात आणि सूट नाही. मग कडा नुसत्या छाटून पल्स आखूड झाली तर जादाचे रंग आले कुठून?

दोन : ०.८ नॅनोमीटरने पट्टा सरकवून फरक पडायचा असेल तर पट्ट्याची कड ०.८ च्या हिशेबाने धारदार हवी. एवढी धारदार कड आणि ९४ नॅनोमीटर रुंदीची पल्स, हे कसं जमणार?

गोदाकाठ (गुरुवार, दुपारी २:१०)

दोन्ही प्रश्न वर्मावरचे. दुसरा आधी घेते, कारण तिथे तुमचं म्हणणं खरं आहे.

धारदार कड म्हणजे थरांमध्ये प्रकाश जास्त वेळा इकडून तिकडे आपटतो, म्हणजे तो आत रेंगाळतो. १ नॅनोमीटर रुंदीची कड असेल तर रेंगाळण्याचा काळ साधारण एक पिकोसेकंद. मग आरसा कितीही लवकर बदलला तरी परतणारी पल्स पिकोसेकंदाखाली उतरणार कशी? म्हणून कडेने छाटायची युक्ती लांब पल्सना, पिकोसेकंदाच्या आसपासच्या, बरी लागू पडते. खरोखर आखूड पल्ससाठी कड बोथट ठेवावी लागते आणि मग तीव्रता वाढवावी लागते. तीव्रता वाढवली की थर जळायची भीती. माझ्याकडे असा एक आरसा अजून आहे, मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढा पांढुरका डाग. ८०० नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये १.५५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते, टायटेनियातला इलेक्ट्रॉन सुटायला ३.२ च्या आसपास लागते, सिलिकातला सुटायला ९. म्हणजे जो पदार्थ प्रकाशाला चटकन प्रतिसाद देतो, त्यातलेच इलेक्ट्रॉन तीनेक फोटॉन एकदम मिळाले की सुटतात आणि थर फुटतो. या दोन टोकांमध्ये जागा अरुंद आहे. थर रचणाऱ्याचं कसब तिथं लागतं.

पहिला प्रश्न. आरसा पल्सच्या आत, तिच्या चालू काळातच, स्वतःचं परावर्तन बदलतो. काळानुसार बदलणाऱ्या कोणत्याही दाराने लाट छाटली की नव्या वारंवारता तयार होतात. रेडिओच्या लहरीवर आवाज चढवताना मूळ वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना पट्टे फुटतात ना, तेच. रंग छाटण्यातूनच जन्मतात, नियम मोडत नाही.

आणि छाटणीत ऊर्जा वाया जाते हे तुम्ही विचारलं नाहीत तरी मीच सांगते. म्हणून दुसरी वाट जास्त मोलाची आहे. थरांची रचना अशी करायची की सगळी पल्स परत येईल, पण माथा किंचित उशिरा. कारण माथ्याच्या वेळी अपवर्तनांक वाढलेला. त्यामुळे पल्सच्या पुढच्या उतारावर लाल रंग वाढतो, मागच्या उतारावर निळा. नवे रंग मिळाले, ऊर्जा गेली नाही. मग लाल पुढे, निळा मागे अशी ती विखुरलेली पल्स चर्प्ड थरांनी गोळा करायची. एका परावर्तनात फरक नगण्य असतो, म्हणून दोन आरशांमध्ये पल्स पुन्हा पुन्हा उडवत न्यायची. हीच दोन पावलं, आधी रंग वाढवा आणि मग गोळा करा, १९९६-९७ मध्ये निष्क्रिय वायू भरलेल्या पोकळ नळीत करून इटलीतल्या गटाने ५ फेम्टोसेकंदांखाली मजल मारली होती. आता ती मीटरभर नळी काही मायक्रॉन जाडीच्या थरांत बसवायची, अशी ही धडपड आहे.

बालाघाट (गुरुवार, दुपारी ३:००)

पटलं. रेडिओच्या उदाहरणाने झटकन उलगडलं. कडेचा मुद्दा मान्य केलात याबद्दल आभार.

औंढ्याचा_पाव्हणा (गुरुवार, रात्री ८:४५)

आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो (गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा) होणार, २०२३ ला केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. तिथं पण लेसर आणि आरसेच असणार म्हणतात. ते ह्याच जातीचे का? गावात कुणाला विचारावं तर जमिनीच्या भावाशिवाय कुणी बोलंना.

गोदाकाठ (गुरुवार, रात्री ९:२०)

जात तीच, स्वभाव अगदी उलटा! अमेरिकेतल्या लायगोचे मुख्य आरसे ४० किलोंचे, ३४ सेंटीमीटर व्यासाचे, शुद्ध सिलिकाचे. त्यांच्यावर सिलिका आणि टायटेनिया मिसळलेला टँटला यांचेच आलटून पालटून थर. औंढ्याची रचना त्याच धर्तीवर, ४ किलोमीटरच्या दोन भुजांची. पण तिथला लेसर १०६४ नॅनोमीटरचा आणि अखंड चालणारा, पल्स नाहीच. तिथे आरशाने प्रकाशाला अजिबात प्रतिसाद देऊ नये यासाठी सगळी धडपड. थर थोडा जरी तापला तरी आरशाचा आकार बिघडतो. आम्ही ज्यासाठी जीव टाकायचो, ते लायगोवाल्यांना नको असतं. पण थर चढवण्याची विद्या एकच. आपल्या भागात ती माणसं येऊन राहणार, शाळा-कॉलेजांत बोलणार, याचा मला फार आनंद आहे.

लातूरची_पोर (शुक्रवार, सकाळी ११:३०)

मॅडम, मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री धागा दोनदा वाचला. दोन प्रश्न. पल्स एवढी लहान करून मिळतं काय? आणि एवढी लहान पल्स मोजायची कशी, घड्याळ तर तेवढं वेगवान नाहीच.

गोदाकाठ (शुक्रवार, सायंकाळी ६:१५)

बाळ, दुसऱ्या प्रश्नासाठी पाठीवर थाप. पल्स मोजायला पल्सच लागते. तिचे दोन भाग करायचे, एकाला थोडी लांबची वाट द्यायची आणि दोन्ही एका स्फटिकात भेटवायचे. दोघी एकाच वेळी पोचल्या तरच स्फटिकातून निळा प्रकाश निघतो. वाटेतला एक आरसा ०.१५ मायक्रॉन मागे सरकवला की जाऊन-येऊन ०.३ मायक्रॉन, म्हणजे बरोबर एक फेम्टोसेकंद उशीर. आरसा सरकवत निळा प्रकाश कुठे विझतो ते बघायचं. वेळ मोजायची ती मायक्रोमीटरच्या स्क्रूवर.

मिळतं काय? १ मिलिज्यूल ऊर्जा घे. १० ग्रॅमचं वजन १ सेंटीमीटर उचलायला लागते तेवढीच, काहीच नाही. ती ४० फेम्टोसेकंदांत कोंबली की त्या क्षणापुरती शक्ती २५०० कोटी वॉट. परळीच्या औष्णिक केंद्रातला एक संच २५० मेगावॉटचा आहे, तसे १०० संच एकदम. म्हणून डोळ्यात फक्त केंद्रबिंदूवर ऊतक सुटतं, उष्णता आजूबाजूला पसरायला वेळच मिळत नाही. रेणूंमधले बंध तुटताना बघता येतात, त्यासाठी अहमद झेवेल यांना १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि पल्स आधी ताणून, मग वाढवून, मग दाबायची युक्ती डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये काढली, २०१८ चं नोबेल. स्ट्रिकलंड तेव्हा पीएचडी करत होत्या.

असे लेसर मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आहेत, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात आहेत. उन्हाळ्यातल्या विद्यार्थी प्रकल्पांकडे लक्ष ठेव. तोवर लाटांचं गणित आणि फूरियेचा धडा पक्का कर, तो परीक्षेपुरता करू नकोस. अडलं तर इथंच विचार.

नंबरी_काच (शुक्रवार, रात्री ९:००)

मॅडम, आज दुकानात एआरच्या दहा-बारा काचा ट्यूबलाइटखाली फिरवून बघितल्या. झाक सरकते, निळसर होते. एका गिऱ्हाइकाला पण दाखवली, ते पण दहा मिनिटं फिरवत बसलं. तो जळका आरसा एकदा बघायला मिळेल का?

गोदाकाठ (शुक्रवार, रात्री ९:२५)

नक्की. रविवारी जालन्याला बहिणीकडे येतेय, सोबत आणते. काळ्या कापडावर ठेवून टॉर्च तिरकी मारली की डाग नीट दिसतो. तुमचं दहापट भिंग असेल तर काढून ठेवा. दुकान किती वाजता उघडतं?

नंबरी_काच (शुक्रवार, रात्री ९:३१)

साडेदहाला. भिंग आहे, पुसून ठेवतो. या.